डाळिंबी हॉल

हॉलला गडद डाळिंबी रंग द्यायचा हा हट्ट माझा. "क्रीम कलर बघून बघून डोळे विटले माझे," मी नवऱ्याला सांगितलं. त्यावर हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

रिटायर झाल्यापासून ह्यांच्या तोंडी हे एकच वाक्य. अख्खं ऑफिस डोक्यावर घेणारा माणूस घरात मूग गिळून बसतो, हे मला बघवत नव्हतं. भांडायला तरी कुणी हवं की नको?

पेंटरनं आधी करडा प्रायमर मारला. "बाई, गडद लाल पांढऱ्यावर बसत नाही, खालचं डोकावतं," म्हणाला. मग एकावर एक हात. भिंती, दारं, सीलिंगसुद्धा. नणंद बघायला आली आणि म्हणाली, "वहिनी, खाटकाचं दुकान काढताय का?" मेलीला कशाचं म्हणून कौतुक नाही. मी सोफ्याला त्याच रंगाचं कव्हर शिवलं, ह्यांना त्याच रंगाचा स्वेटर विणला.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. स्वेटर घालून हे सोफ्यावर बसले आणि दिसेनासे झाले. नीट निरखून बघितलं तर चष्मा दिसायचा, एवढंच. नणंद थेट ह्यांच्या मांडीवर बसली. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. "सोफा मऊ झालाय हं," ती म्हणाली.

शेजारीण म्हणायला लागली, "एकट्या राहता, दार नीट लावत जा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एकटी कशी? हे काय समोर बसलेत!" तिनं भिंतीकडे पाहिलं, माझा हात थोपटला आणि निघून गेली.

"अहो, निदान स्वेटर तरी काढा," मी म्हटलं.

"थंडी वाजते."

"मग बोला तरी काहीतरी! मला भीती वाटते हो."

"तू म्हणशील तसं," सोफ्यातून आवाज आला. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

शेवटी पेंटरला परत बोलावलं. म्हटलं, ह्यांच्या पाठीमागे ह्यांच्याच आकाराचा पांढरा रंग दे, म्हणजे माणूस उठून दिसेल. त्यानं दिला, अगदी कानांसकट. पण रंग ओला, म्हणून हे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि तिथंच राहिले.

शेजारीण आली ती पांढऱ्या डागासमोर हात जोडून उभी. "अय्या, भाऊसाहेब! किती बारीक झालात!" नणंद म्हणाली, "दादा, रिटायरमेंट मानवली तुला. उजळलास!" रोज कुणी ना कुणी येऊन डागाचा सल्ला घ्यायला लागलं. डाग कुणालाच नाही म्हणत नव्हता, त्यामुळे सगळे खूश. त्याच्यापुढे चहासुद्धा ठेवायला लावायचे मला.

एक दिवस नणंदेनं विचारलं, "दादा, तुझी सायकल नुसती पडून आहे. माझ्या लेकाला नेऊ का?" डाग गप्प. "बघा वहिनी, किती मोठं मन!" असं म्हणत तिनं बाल्कनीतली सायकल ओढलीसुद्धा. मी कपबशी घेऊन तशीच उभी राहिले.

"ए! हात लावशील तर बघ!" दुसऱ्या टोकाकडून असा काही आवाज आला की शेजारीण दारात धावत आली. हे उठून उभे होते. चष्मा वाकडा, चेहरा भिंतीपेक्षा लाल. "सायकल माझी आहे! आणि मी इकडे आहे, इकडे! भिंतीशी काय बोलताय सगळे?"

नणंदेनं सायकल सोडली. हे गर्रकन माझ्याकडे वळले.

"आणि तू काय बघत उभी राहिलीस? हा असला भयाण रंग काय म्हणून दिलास? मला अजिबात आवडलेला नाही!"

माझे डोळे भरून आले.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणाले.