टायरवरचा लाल ठिपका

मी एक जुना टायर आहे. पण मित्रांनो, मी म्हणतो म्हणून लगेच खरं मानू नका. माझ्या बाजूवर चार आकडे उठवलेले आहेत. पहिले दोन मी बनलो तो आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते वाचा आणि मग ठरवा. कोणी स्वतःबद्दल बोलू लागलं की मला शंका येते, मग स्वतःला तरी त्यातून का वगळू?

हा स्वभाव मला जन्मापासूनचा आहे. कारखान्यात मला साच्यात घालून तापवलं, दाबलं आणि बाहेर काढलं. काळाकुळकुळीत होतो. एका माणसाने मला फिरवून, चाचपून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग पुढच्या ढिगात ठेवलं. त्याला माझ्यात काय खोट दिसली असेल, या विचाराने मी दुकानात पोचेपर्यंत धास्तावलेला होतो.

माझ्या तीन भावांसह मी एका नर्सबाईंच्या गाडीला लागलो. मला जागा मिळाली पुढची, फुटपाथच्या बाजूची. नर्सबाई घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करायच्या, आणि गाडी चालवताना मोठ्याने गायच्या. त्यांच्यावर शंका घ्यायला मला कधी जागा सापडली नाही. ती कसर त्यांच्या सासऱ्यांनी भरून काढली.

सासरे वजनमापं तपासणारे अधिकारी होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून पाहिले आणि खऱ्या वजनांवर शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं. दूधवाल्याचं माप, घड्याळाचा काटा, सुनेने आणलेल्या कापडाची लांबी, काहीही सुटत नसे. गल्लीत त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. आम्ही चौघे घरी आलो त्याच दिवशी त्यांनी आमचे आकडे वहीत लिहून घेतले, सुनेची लाल नेलपॉलिशची बाटली मागितली आणि प्रत्येकाच्या आकड्यांशेजारी एक बारीक ठिपका लावला.

"उद्या कोणी टायर बदलला तर कळायला नको?" ते म्हणाले.

"मामंजी, कोण बदलणार आहे?" नर्सबाई हसल्या.

"बदलणारा सांगून बदलत नाही."

हे वाक्य मला मनापासून पटलं. माणूस आपल्या जातीचा आहे, असं वाटलं.

दर रविवारी ते आम्हाला पुसायचे. पाण्याने धुणं त्यांना पटत नसे, कारण पाणी कुठे मुरेल याचा भरवसा नाही. त्यांच्याकडे एक तेलकट पॉलिश होतं. फडक्यावर घेतलं, चोपडलं, की मी असा चकाके की येणारेजाणारे थांबून म्हणत, "टायर नवे टाकले वाटतं!" मला ते फार आवडायचं. पॉलिशवर धूळ बसे, पुढच्या रविवारी त्या धुळीवर पुन्हा पॉलिश बसे. असा थरावर थर चढत गेला आणि लाल ठिपका त्याखाली कधी गडप झाला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आता मित्रांनो, एक गोष्ट सांगतो. ती मी कोणाला सांगितली नव्हती. एकदा घाईत गाडी लावताना नर्सबाईंनी मला फुटपाथच्या कडेवर घासलं. ठिपक्यापासून दोन बोटांवर मला चीर पडली. वरवरची नव्हती, आतले धागे उघडे पडले होते. मी घाबरलो. कोणाला दिसलं तर मला काढून टाकतील, ही एकच भीती. रविवारी शिक्केसाहेबांनी न बघता तिच्यावर पॉलिश चोपडलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून जो कोणी माझ्याजवळ वाकेल त्याच्यावर माझा संशय होता.

पुढे मला खिळा लागला आणि आम्ही टायरवाल्याकडे गेलो. हा शिक्केसाहेबांचा शाळेपासूनचा मित्र. दुकानात नर्सबाई एकट्याच गेल्या होत्या. टायरवाल्याने भोक शोधायला मला पाण्यात बुडवलं, साबणाच्या फडक्याने पुसलं, पंक्चर काढलं आणि मग माझ्या बाजूवर अंगठा फिरवत थांबला. माझी हवाच गेली असती, पण ती त्याने नुकतीच भरली होती.

"इथे हाताला काहीतरी लागतंय," तो म्हणाला. "या किटणाखाली दिसत नाही मला. लांब जायच्या आधी नीट धुऊन आणा, मग बघतो. घासायला ही बाटली न्या."

घरी आलो तेव्हा पॉलिशची चमक उतरलेली होती आणि मी होतो तसा दिसत होतो. तपकिरी. गंजलेल्या पत्र्यासारखा. शिक्केसाहेबांनी चष्मा लावला, वाकले, आणि ताठ उभे राहिले.

"हा आपला टायर नाही. आपला काळा होता. आणि ठिपका कुठे आहे?"

"मामंजी, मळलाय तो. त्यांनीच धुऊन आणायला सांगितलंय. ही बाटलीसुद्धा दिली."

"बाटली दिली? म्हणजे पुरावा पुसायची सोयही त्यानेच करून दिली!"

त्यांनी तिथूनच मित्राला फोन लावला. "माझा टायर मला परत दे," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. पन्नास वर्षांच्या मैत्रीत त्यांनी असा फोन कधी केला नसावा, कारण नंतर बराच वेळ ते तो हातात धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे नर्सबाईंना डोंगरावरच्या वस्तीत जायचं होतं. एका म्हाताऱ्या बाईंची जखम चिघळली होती. चढ, वळणं आणि एका बाजूला खोल दरी. मला तो रस्ता माहीत होता आणि माझी चीरही माहीत होती. तरी मी मनात म्हणत होतो, धुऊ नका, काहीही करा पण धुऊ नका.

शिक्केसाहेबांना मात्र चोरी सिद्ध करायची होती, म्हणून ठिपका शोधणं भाग होतं. रबर साफ व्हावं, पण खाली ठिपका असलाच तर तो जाऊ नये. त्यांनी एक जुनी रबरी चप्पल घेतली, तिच्यावर नेलपॉलिशचे तीन ठिपके लावले, वाळवले, वरून माझ्यावरचंच किटण माखलं आणि अंगणात तीन बाटल्या मांडल्या.

पहिली होती चाकाच्या लोखंडी भागासाठीची. झाकण उघडताच डोळ्यांना पाणी आलं. तिने किटण काढलं, ठिपकाही खाल्ला आणि चप्पल पांढरी पडली. दुसरी त्यांची लाडकी, तेलकट पॉलिशची. फवारलं, पुसलं, चप्पल चकाकली. फडकं मात्र जवळजवळ स्वच्छ. त्यांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं.

"हिने काढलं काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "नुसतं झाकलं."

उरली टायरवाल्याची. पाण्यात मिसळणारी, उग्र वास नसलेली. म्हणूनच त्यांना जास्त संशय. पण फेस चहासारखा तपकिरी झाला, किटण निघालं आणि लाल ठिपका तिथल्या तिथे राहिला.

मग ते ताठ केसांचा ब्रश घेऊन माझ्याकडे आले. पहिल्या हातात तपकिरी फेस ओघळला. मला वाटलं, मीच विरघळतोय. त्यांनी पाणी मारलं, पुन्हा घासलं. फेस फिका झाला. तिसऱ्यांदा घासलं. चौथ्यांदा फेस पांढरा आला आणि त्यातून आकडे वर आले. त्यांनी वही उघडून एकेक आकडा बोटाने जुळवला. शेजारी अर्धा झिजलेला लाल ठिपका होता.

आणि दोन बोटांवर माझी चीर. धाग्यांसकट.

शिक्केसाहेब अंगणात खालीच बसले. "सूनबाई," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "उद्या या चाकावर जाऊ नकोस."

नर्सबाईंनी चीर पाहिली आणि पाना आणला. माझ्या जागी स्टेपनी चढली, मी डिकीत गेलो. त्याच संध्याकाळी टायरवाल्याच्या दुकानात शिक्केसाहेबांनी मला स्वतः उचलून खाली ठेवलं.

"टायर माझाच आहे," ते म्हणाले. "चुकलो मी."

टायरवाल्याने आधी माझी चीर बघितली, मग मित्राकडे. "रबर थोडं तपकिरी पडतंच रे. ते टिकावं म्हणून त्यात जे घालतात, ते वर येऊन रंग बदलतं. त्यावर तू दर रविवारी तेल चोपडतोस, मग धूळ चिकटणार नाही तर काय? फोन ठेवला नसतास तर तेव्हाच सांगितलं असतं."

"रागावलास?"

"दोन दिवस रागावणार आहे. बस, नवा चढवतो."

नवा टायर चढल्यावर शिक्केसाहेबांचा हात खिशात गेला. नेलपॉलिशची बाटली बाहेर आली. ती त्यांनी थोडा वेळ मुठीत धरली आणि सुनेच्या हातात दिली. "ही तुझी. माझं काम झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरावरून परतताना नर्सबाईंची गाडी दुकानासमोरून गेली. चाकं चिखलाने भरलेली होती आणि काचेतून गाणं ऐकू येत होतं. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मी कारखान्यातल्या माणसावर, ब्रशवर, बाटलीवर, टायरवाल्यावर, सगळ्यांवर संशय घेतला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो एकटा मीच होतो.

आता मी दुकानाच्या भिंतीला टेकून उभा असतो, चीर बाहेरच्या बाजूला. गिऱ्हाइकांना दाखवायला टायरवाला माझ्यावर बोट ठेवतो. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर टायर चमकवण्याआधी धुवा. फेस पांढरा होईपर्यंत घासा आणि मग वाकून चारही बाजूंनी बघा. किटणाखालचा टायर माझ्यासारखाच गप्प बसला असेल. तो आपणहून काही सांगणार नाही.

आणि मी सांगितलेलं पटत नसेल तर दुकानात या. आकडे वाचा, ठिपका बघा, चिरेत बोट घालून पाहा. आता मला कोणी वाकून बघितलं की बरं वाटतं.