सातव्या नंबरची जोडी

मॉडेमनं शिट्टी घातली, घशात काही अडकल्यासारखं घरघरलं आणि एकदम गप्प झालं.

"लागला!" दाराशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पोरींपैकी एक ओरडली.

"थांब गं," निकिता मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या इवल्याशा चित्रावर होती. भीमराजची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. एक मिनिट झालं. दोन झाली. तिसरं भरायच्या आत ते चित्र विझलं.

"गेला," तीच पोरगी म्हणाली.

भीमराजनं मॉडेमची वायर काढून तिथं आपला टेस्ट फोन लावला, कानाशी धरला. "आवाज तर साफ हाय, म्याडम. ह्याच्यावर खुशाल मुंबईला बोला."

"माणसाला चालेल हो, काका. मधला एखादा शब्द गेला तर आपण जुळवून घेतो. याला एवढीशी खरखरसुद्धा खपत नाही. सरळ फोन खाली ठेवतो."

"लईच मानी दिसतंय."

पोरी फिदीफिदी हसल्या. निकिता मॅडमना हसू आलं नाही. गुरुवारी पुण्याहून तपासणीला माणसं यायची होती. इंटरनेट चालताना दिसलं तर संगणक केंद्र शेवगावात राहणार, नाहीतर दुसऱ्या तालुक्याला जाणार. अठ्ठावीस मुलींनी नावं घातली होती. निम्म्याशिम्म्या खेड्यांवरून एसटीनं यायच्या. घरच्यांनी एवढ्यावरच सोडलेल्या की, कॉलेज गावातच आहे, संध्याकाळच्या आत पोरगी घरी येते.

"गुरुवारपर्यंत हुईल," भीमराज म्हणाला. कसं होईल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सव्वीस वर्षं तो लाईनमन होता. तांब्याच्या खुल्या तारा खांबावरून जायच्या तेव्हापासून. कॉलेजच्या बाजूला जाणारी दहा जोड्यांची केबल त्यानंच जमिनीत घातली होती. एका फोनला दोन तारा लागतात, त्या दोन तारांची एक जोडी. दहा जोड्या, दहा फोन. पैठण रोडला छगनच्या हॉटेलासमोर तिचा जोड होता, आणि सगळं दुखणं त्या खड्ड्यात होतं.

मंगळवारी सकाळी त्यानं आणि गोरक्षनं तो खड्डा उकरला. गोरक्ष त्याच्याबरोबरचा दुसरा लाईनमन, वयानं पंधरा वर्षांनी लहान, तोंडानं दुप्पट मोठा. घोटाभर गढूळ पाणी वर आलं, त्यात चहाची पत्ती तरंगत होती.

"छगनशेठ," गोरक्षनं हाळी दिली, "तुमी कपबशा इसळल्या की तिकडं कॉलेजचं इंटरनेट बुडतंय बरं का!"

"मंग काय गिऱ्हाइकाला उष्ट्या कपात देऊ?" छगन गल्ल्यावरूनच म्हणाला. "तुमचं इंटरनेट म्हंजे नव्या नवरीवानीच झालं. पाय भिजला की रुसलं."

त्यांनी पाणी उपसलं, जोड उघडला, एकेक तार पुसून वाळवली, नवी पट्टी गुंडाळली. दुपारी कॉलेजातलं मॉडेम चांगलं वीस मिनिटं चाललं. बुधवारी सकाळी दहाला हॉटेलात ढीगभर कपबशा विसळल्या गेल्या आणि साडेदहाला ते पुन्हा गप्प झालं. केबलच आतून कुजली होती. नवी केबल मंजूर होती, पण रस्ता खोदायची परवानगी अडली होती. दिवाळीनंतर बघू, असं उत्तर आलं होतं.

गोरक्षनं रस्त्याकडेच्या पिलरचं, म्हणजे घरोघरी जोड्या वाटायच्या पेटीचं, लोखंडी दार उघडलं. दहाच्या दहा जोड्या तपासल्या. दोन मेलेल्या, सात दमट. एक कोरडीठाक.

"सातवी," गोरक्ष म्हणाला आणि भीमराजकडे न बघता बिडी पेटवू लागला.

सातवी जोडी भीमराजच्या घरी जात होती. चोरीचा मामला नव्हता तो. लाईनमनच्या घरी खात्याचा फोन असतो आणि केबलीतली सगळ्यात चांगली जोडी लाईनमन आपल्या घराला लावतो, हे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. भीमराजनं मात्र त्या जोडीला जीव लावला होता. सगळ्या जोडापासून तिचा जोड वेगळा काढून, पाण्याच्या वर उचलून, त्यावर मेण ओतून त्यानं तो दिवसभर बसून बांधला होता. यशोधरा तेव्हा होती. भाकरी घेऊन खड्ड्यापाशी आली आणि पदराआड हसत म्हणाली, "माज्या येणीला कदी हात लावला न्हाई, आन् हिची येणी घालताय व्हय!"

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आता दोन खोल्या, बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, यशोधरेचा फोटो आणि तो फोन.

त्यांचा मुलगा तुषार मालवाहू जहाजावर होता, इंजिनाच्या खोलीत. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा जहाज अशा बंदराला लागायचं की, त्याला फोन करता यायचा. दिवस ठरलेला नसे, वेळही नसे. बूथवर मागं रांग असायची. एकदा नंबर फिरवायचा, लागला तर पाच मिनिटं बोलायचं, नाही लागला तर मागच्याला जागा द्यायची आणि पुढचं बंदर येईपर्यंत गप्प राहायचं. मागला फोन माघी पौर्णिमेच्या सुमाराला आला होता. "आबा," तो म्हणाला होता, "हितं दुसऱ्यांना ओरडून बोलावं लागतंय, आन् तुमचा आवाज कसा शेजारच्या खोलीतून आल्यावानी येतो." आता श्रावण चालू होता.

"तुमाला कोन इचारतंय?" गोरक्ष धूर सोडत म्हणाला. "कॉलेजला सांगायचं, जोडी शिल्लक न्हाई. खोटं हाय का त्यात?"

"खोटं न्हाई."

"मंग लावा दार."

भीमराजनं पक्कड घेतली. सातवी सोडवली, कॉलेजची तार तिला बांधली आणि आपल्या घराची तार त्यातल्या त्यात बऱ्या अशा तिसरीला. पाच मिनिटांचं काम. गोरक्षनं अर्धी बिडी तशीच टाकली.

"तुमी न्हवं दादा," तो म्हणाला, "तुमी लई अवघड मानूस हाय."

गुरुवारी तपासणी झाली. मॉडेम लागलं आणि लागूनच राहिलं. पडद्यावर एक चित्र वरून खाली, रेघेरेघेनं उतरत गेलं आणि पुण्याची माणसं जायच्या आत केंद्र मंजूर झालं. निकिता मॅडमनी पेढ्यांचा पुडा भीमराजपुढं धरला. "काका, कशी काय दुरुस्त केलीत हो लाईन?"

"जोडी बदलली," तो म्हणाला आणि एक पेढा घेतला. मॅडमनी आग्रह केला म्हणून आणखी एक घेतला.

त्या संध्याकाळी त्यानं मुंबईला जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर आंतरदेशीय पत्र टाकलं. तुषारला निरोप द्यावा, फोन सकाळी सातच्या आत करावा. सातच्या आत खड्डा थोडा तरी सुकलेला असायचा. मग रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की, तो रिसीव्हर उचलून कानाशी धरी. खरखर कमी आहे की जास्त, ऐकून ठेवून देई.

पंधरा दिवसांनी गोरक्षनं विषय काढलाच. "तपासनी झाली, पेढंबी खाल्लं. आता घ्या की जोडी परत."

"पोरी बसत्यात रं तिथं. सकाळच्याला येगळ्या, दुपारच्याला येगळ्या."

"आन् तुमी?"

"दिवाळीनंतर येतीय की नवी केबल."

पुढच्या रविवारी भीमराज घरीच होता. साडेदहाचा सुमार. ताटात भाकरी आणि दोडक्याची भाजी घेऊन तो नुकताच बसला होता. फोन वाजला, म्हणजे वाजला असं म्हणता येणार नाही. आत घंटेला दांडी एकदा चाटून गेली, तेवढंच. दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं. तो उष्ट्या हातानं उठला, डाव्या हातानं रिसीव्हर उचलला.

कढईत मोहरी तडतडावी तसा नुसता आवाज.

"हालो?"

एक क्षण गेला आणि त्याचाच शब्द लांबून, बारीक होऊन त्याच्या कानात परत आला. हालो. नगरचा फोन असा बोलत नाही, मुंबईचाही नाही. समुद्रापलीकडून आलेल्या फोनातच आपला शब्द एवढी वाट चालून माघारी येतो. सव्वीस वर्षांत त्याला एवढं कळत होतं.

"तुषार? तुषार, मला काय बी ऐकू येईना. तू बोलू नगंस, बाबा. ऐक नुसतं."

खरखर जराशी वर चढली, खाली आली. तिथं कुणी बोलत होतं की पाणीच होतं, ते समजेना.

"मी बरा हाय. गुडघा दुखत हुता, आता न्हाई दुखत. तुज्या आईचं औंदाचं पुण्यानुमोदन केलं, मामा आलं हुतं. खीर केली हुती. घर गळत न्हाई. तू येळेवर ज्येव. मशीनपाशी बाही दुमडून ऱ्हात जा. आन् फोन सकाळचा कर, सातच्या आत. सातच्या आत, ऐकलं का? हिकडं जरा लाईनचं काम चालू हाय."

त्याचे सगळे शब्द एकापाठोपाठ एक त्याच्याकडे परत येत राहिले. शेवटी 'हाय' आलं. मग फोन बंद झाल्याचा खटका पडला आणि नुसती तडतड उरली.

भीमराजनं रिसीव्हर अलगद ठेवला. उजव्या हाताला लागलेली भाजी वाळून कडक झाली होती. बाहेर रस्त्यावरून कॉलेजच्या मुलींचं टोळकं बोलत, हसत गेलं. रविवारचाही तास असावा. परदेशातून फोन आला की, तो उभं राहून बोलायचा, बसून बोलणं त्याला बरं वाटायचं नाही. मुलींचा आवाज दूर गेला, भाकरी गार झाली, तरी तो तसाच उभा होता.