भावाचं धरण, बहिणीची खाण

नदी एकच होती, पण तिच्याबद्दलचं म्हणणं दोन गावांचं दोन तऱ्हांचं. वरच्या गावाकडे धरण होतं आणि खालच्या गावाकडे पूर यायचा. पूर्वी पाऊस पाहुण्यासारखा यायचा, निवांत रेंगाळायचा, सगळ्यांची विचारपूस करून जायचा. अलीकडे तो रागावलेल्या सासऱ्यासारखा अचानक उगवायचा, दोन दिवस आदळआपट करायचा आणि मग वर्षभर तोंड दाखवायचा नाही.

गेल्या वर्षी धरण काठोकाठ भरलेलं असतानाच तो कोसळला. दरवाजे एकदम उघडावे लागले आणि खालच्या गावाच्या बाजारपेठेत कमरेएवढं पाणी शिरलं. त्याच्या आदल्या वर्षी उलटं झालं होतं. पूर येईल म्हणून धरण आधीच अर्धं रिकामं केलं, पाऊस फिरकलाच नाही आणि वरचं गाव उन्हाळाभर टँकरमागे धावलं. शेवटी सरकारने सगळ्या खोऱ्यासाठी एक परिषद नेमली. हवामान बदललंय तर पाणी साठवायचं किती, सोडायचं कधी, याचं एकच धोरण ठरवा आणि एकमेकांना पाण्यात पाहणं थांबवा, असं तिला सांगितलं.

खालच्या गावाने बागवाल्या ताईंना पाठवलं. ताईंची रोपवाटिका होती. पुराने त्यांची सगळी गुलाबाची कलमं उचलून समुद्राकडे रवाना केली होती, त्यामुळे बोलायला मुद्दे भरपूर होते. आवाज खणखणीत होता आणि माघार हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नव्हता.

ताई सभागृहात शिरल्या, पिशवी खुर्चीला अडकवली, वर पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या. समोर, वरच्या गावाच्या पाटीमागे, धरणाचा अभियंता म्हणून त्यांचा सख्खा दादा बसला होता.

"तू?" दादा म्हणाला.

"तू तर बाहेरगावी जाणार होतास ना?"

"हे बाहेरगावच आहे. आणि तू दातांच्या डॉक्टरकडे जाणार होतीस. आईनेच सांगितलं मला."

आई सध्या ताईंकडे होती. सहा महिने लेकीकडे, सहा महिने लेकाकडे, असा तिचा शिरस्ता. दोघांनीही पाण्याच्या या भांडणाचं आईच्या कानावर काही जाऊ नये म्हणून ताकास तूर लागू दिली नव्हती.

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. सडसडीत, मितभाषी, पण नजर अशी की भल्याभल्यांना उगाचच आपण काहीतरी केलंय असं वाटावं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण एकमेकांना ओळखता?"

"थोडंफार," दोघं एका सुरात म्हणाली.

सुरुवात सभ्यपणे झाली. माननीय सदस्यांनी धरण आधीच थोडं रिकामं ठेवावं, असं ताई म्हणाल्या. माननीय सदस्यांनी पाऊस येईल याची हमी द्यावी, असं दादा म्हणाला. तुमच्या भीतीपोटी आमची दुकानं बुडतात, असं ताईंनी सुनावलं. तुमच्या दुकानांपायी आमचे नळ कोरडे पडतात, असं दादाने परतवलं. घोडं तिथेच पेंड खात राहिलं. तासाभराने माननीय गळून पडलं.

"दादा, तुझी लहानपणापासूनची सवय आहे ही! आपलं भरेपर्यंत दुसऱ्याकडे बघायचंच नाही!"

"आणि तुझी? वस्तू हातची गेली की मग गळा काढायचा!"

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

"थोडंफार ओळखता म्हणालात ते हेच वाटतं," त्या म्हणाल्या. "भावंडं आहात हे आधी सांगायला हवं होतं. आता इतिवृत्तात नोंद होईल. जेवणाची सुट्टी घेऊ. तिथे तरी भांडून मोकळे व्हा."

उपाहारगृहात दोघं एकाच टेबलावर, पण एकमेकांकडे पाठ करता येईल तितकी करून बसली. ताई रागारागाने जेवत होत्या. मनातलं सगळ्यात जास्त खुपणारं शेवटी बाहेर आलंच.

"गंमत बघ. तू सोडलेलं पाणी माझ्या दारावरून जातं. माझी वाटिका जुन्या दगडखाणींच्या काठावर आहे. पाणी खाणींना वळसा घालून थेट समुद्रात, आणि उन्हाळा लागला की मी बादलीभर पाण्यासाठी तुझ्याच धरणाकडे तोंड करून बसते."

दादाचा घास हातातच राहिला. "किती मोठ्या आहेत खाणी?"

"मला काय माहीत? पोटात अख्खा बाजार मावेल."

"नदीपासून किती लांब?"

"दगड भिरकावला तर पडेल."

"चल," दादा उठलाच. ताईंना तो चेहरा ओळखीचा होता. लहानपणी घड्याळ खोलून बसायचा तेव्हा असाच दिसायचा. नंतर घड्याळ चालायचं नाही हा भाग वेगळा.

खाणी गाडीने जवळच होत्या. बघायला फार वेळ लागायला नको होता, पण दादाला प्रत्येक कपारीत डोकावायचं होतं. खाली कुणीतरी टाकलेले टायर, एक मोडका सोफा आणि गुडघाभर चिखल होता. "जपून," ताई म्हणाल्या, तोवर दादा घसरला आणि थेट सोफ्यावर जाऊन बसला. एक बूट चिखलाने गिळला. ताई इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. मग दादाही हसायला लागला. दोघं असं एकत्र हसली त्याला वर्षं झाली असतील, हे ताईंच्या लक्षात आलं आणि त्यांना जरासं चुटपुटल्यासारखं झालं.

"इथे पाणी राहतं का?" दादाने खालूनच विचारलं.

"राहतं थोडं. बाकीचं कुठेतरी मुरतं."

"मुरू दे की! विहिरींनाच मिळेल." तो बोटांनी हवेत रेघा मारायला लागला. "ऐक. पावसाच्या आधी मी धरण थोडं रिकामं करतो. ते पाणी वाया नाही जाणार. नदीतून चर खणून तू ते खाणींत घ्यायचं. पाऊस धो धो आला तर धरणात जागा आहे, तुझा बाजार वाचला. आलाच नाही तर उन्हाळ्यात तू खाणीतलं वापरायचं, धरणातला तुमचा वाटा मागायचा नाही. म्हणजे माझे नळ वाचले."

ताईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तू आधी माझी बादली भरणार, मग तुझं पिंप रिकामं करणार."

"तेच."

"मग हे सकाळीच का नाही म्हणालास?"

"सकाळी तू खाणीचं बोललीस कुठे?"

एक बूट घातलेला दादा आणि त्याला चिखलातून ओढून काढताना कोपरापर्यंत माखलेल्या ताई अशी दोघं सभागृहात परतली तेव्हा कामकाज सुरू झालं होतं. उशिराचं कारण विचारल्यावर दादाने गंभीर चेहऱ्याने "स्थळपाहणी" असं सांगितलं. अध्यक्षबाईंनी त्याच्या मोज्याकडे पाहिलं आणि पुढे बोला अशी खूण केली. योजना त्यांना पटली. पण गावांनी मान्य केल्याशिवाय ती धोरणात जाणार नाही, हे त्यांनी बजावलं.

खरी परीक्षा तिथेच होती. ताई गावात पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. शाळेच्या पटांगणात सभा भरली आणि सलूनवाला उभा राहिला. त्याच्या दुकानातल्या खुर्च्याही पुरात तरंगल्या होत्या.

"ताई, समोर तुमचा सख्खा भाऊ बसला होता. उन्हाळ्याचा आमचा वाटा तुम्ही त्याला देऊन आलात. कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणतात. ते काय चुकीचं?"

ताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. वर्षानुवर्षं ज्यांच्या अंगणात रोपं लावली ती माणसं त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू त्या परगावच्या. क्षणभर वाटलं, पिशवी उचलावी आणि घरी जावं. मग त्या बोलल्या.

"चुकीचं काहीच नाही. मीही हेच विचारलं असतं. दादाला मी ओळखते, म्हणूनच सांगते, त्याच्या शब्दावर जाऊ नका. माझ्याही जाऊ नका. आज तो आहे, उद्या दुसरा कुणी असेल. धरणाच्या खोलीत आपल्या गावचा माणूस बसवू, दरवाजे कधी उघडले हे तो बघेल. खाणीच्या झडपेवर त्यांचा माणूस बसेल. दोघांनी हो म्हटल्याशिवाय काही उघडायचं नाही, काही मिटायचं नाही. हे धोरणातच लिहून घेऊ. नाही जमलं तर मी पद सोडते."

"धरणाच्या खोलीत कोण बसणार?" सलूनवाल्याने विचारलं.

"तूच बस. संशय घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

पटांगण हसून हसून लोटपोट झालं. सलूनवालाही हसला. हात वर झाले, आधी बिचकत, मग भराभर. वरच्या गावानेही याच अटीवर होकार कळवला.

ताई घरी आल्या तर आई दारात उभी. "दात कसा आहे?" तिने विचारलं. ताईंनी मान खाली घातली. आई म्हणाली, "दादाने फोन करून सगळं सांगितलं. बूट हरवला म्हणून मी त्याला आधी ओरडले, मग शाबासकी दिली. तुला उलट क्रमाने देणार आहे. शाबास. आणि आता बस, खोटं का बोललीस ते सांग."

त्या वर्षी पावसाआधी धरणाचे दरवाजे थोडे उघडले, तेव्हा चराच्या दोन्ही काठांना लोक उभे होते. पाणी आधी संकोचल्यासारखं आलं, टायर-सोफा काढून स्वच्छ केलेल्या खाणीत वाकून बघितल्यासारखं केलं आणि मग धबाधब कोसळलं. पुढे पाऊस आला तो नेहमीसारखा आदळआपट करतच. बाजारपेठेत घोट्याएवढं पाणी साचलं आणि संध्याकाळपर्यंत ओसरलं. सलूनवाला धरणाच्या खोलीत बसून दर तासाला फोन करत होता. पुढे तर वरच्या गावातले लोकही त्याच्याकडे दाढी करून घ्यायला येऊ लागले, म्हणून त्याने तिथेच एक आरसा टांगला.

उन्हाळा कडक गेला, पण खालच्या गावाने धरणाकडे एक थेंब मागितला नाही. खाणीजवळच्या विहिरी कधी नव्हे त्या भरलेल्या होत्या आणि ताईंच्या वाटिकेत नव्या कलमांना डोळे फुटत होते.

मग शेजारच्या खोऱ्यातली मंडळी योजना बघायला आली. त्यांच्याकडेही असंच वर-खाली भांडण होतं. दादाने त्यांना झडपा दाखवल्या, ताईंनी सरबत दिलं. निघता निघता त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, "ही कल्पना मुळात सुचली कुणाला?"

"मला," दोघं एकदम म्हणाली.

"खाणी कुणाच्या दारात आहेत?" ताई कडाडल्या.

"आणि चर कुणी सांगितला?" दादाने आवाज चढवला.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हळूच बाकावर टेकले आणि आणखी एकेक पेला सरबत मागितलं. गाडीला अजून वेळ होता.