ठोकळ्याची मागची बाजू

सव्वीस वर्षं मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतोय आणि माझ्याच भाचीला ठोकळ्याची मागची बाजू दिसत नाही. आता बोला!

विषय म्हटला तर साधा. प्रश्नपत्रिकेत ठोकळ्याचं एक तिरकं चित्र असतं. तो समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढायचं. ठोकळा हातात नसतो, डोक्यात फिरवावा लागतो. भाची माझ्याच कॉलेजात, राहायलाही माझ्याच घरी; पण तिच्या डोक्यात तो हलायचाच नाही. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की कॉलेजमधून नाव कमी, असा नियम. ताई रोज फोनवर विचारायची, "अरे, तू घरात असताना ही नापास कशी होते?" मी साबणाच्या वड्या कापून दाखवल्या, पुठ्ठ्याचे ठोकळे केले, घसा बसेपर्यंत ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी. बायको म्हणाली, "ओरडून दिसतं का कुणाला?" तर मी तिच्यावरही ओरडलो.

मग कॉलेजात टॅब आले. कागदावरच्या खुणेवर टॅबचा कॅमेरा धरला की टेबलावर खराच ठोकळा ठेवल्यासारखा दिसतो. टॅब घेऊन भोवती फिरलं की मागची बाजूही दिसते. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणे. माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यात मुलं साठ आणि टॅब आठ. निम्मा तास चार्जर शोधण्यात जायचा, उरलेला अपडेट संपायची वाट बघण्यात. भाची मात्र त्या टॅबला चिकटली. टेबलाभोवती फिरायची, वाकायची, उकिडवी बसायची. एक दिवस नेमका तिचा नंबर आला आणि टॅब बंद पडला. मी कपाळाला हात लावला. ती थांबलीच नाही. रिकाम्या टेबलाला तिने तशीच फेरी मारली, गुडघे टेकून नुसत्या हवेकडे निरखून बघितलं आणि बाजूचं चित्र काढलं. एक रेघ चुकली नव्हती.

"दिसलं?" मी विचारलं.

"चाललं की दिसतं, मामा."

घ्या! मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या काचेच्या पाटीने तीन आठवड्यांत केलं. राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून आनंद जास्त झाला.

अडचण एकच होती. परीक्षेत चालू कोण देणार?

परीक्षा विभागात अर्ज दिला की विद्यार्थिनीला स्वतःच्या टेबलाभोवती दोन पावलं फिरू द्यावं. कारकून म्हणाला, "आजारी आहे का?"

"नाही."

"मग कुठल्या रकान्यात घालू?"

अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा गेलो तर परवानगी नाहीच, उलट माझ्याच पुढ्यात एक कागद सरकवला. परीक्षार्थी नात्यातली, त्यामुळे मी त्या दिवशी हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. ठेवलं तर तिचा पेपर रद्द. मी चडफडत सही केली.

मग घरी बसून काढायचा सराव. भाचीने आपणहून टॉवेलने पाय खुर्चीला बांधून घेतले. तरी बूड उचललं जायचं, मान वळायची. एकदा तर खुर्चीसकट आडवी झाली.

"अगं, बस ना एका जागी!"

"बसलं की जातं रे ते."

शेवटच्या आठवड्यात दहातली चार चित्रं बरोबर यायला लागली. तेवढ्यावर पास होणं कठीण होतं.

परीक्षेच्या दिवशी मी व्हरांड्यात उभा, खिडकीच्या काचेला नाक लावून. पहिला तास बरा गेला. मग मोठ्या प्रश्नाला ती अडली. पेन्सिल थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बस, बस, मी मनात म्हणत होतो, आणि ती उठली. टेबलाच्या डाव्या अंगाला जाऊन वाकली. तोंड नेमकं शेजारच्या मुलीच्या शीटकडे! सुपरवायझर बाई लगबगीने आल्या, काहीतरी बोलल्या. भाचीची मान खाली गेली.

माझं डोकं सटकलं. दार ढकलून मी थेट आत शिरलो. "कॉपी नाही करत ती! ठोकळा बघतेय! तुम्हाला कळत नसेल तर विचारा कुणाला तरी!"

हॉलमधल्या सगळ्या पेन्सिली थांबल्या. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मी फक्त जागेवर बस म्हटलं. ती बसलीसुद्धा."

खरंच बसली होती.

"पण तुम्ही आत आलात," बाई म्हणाल्या. "आता हे मला लिहावं लागणार." त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं. त्यांनी शीट उचलली तेव्हा मला ती दिसली. त्या मोठ्या प्रश्नाची दोन चित्रं पूर्ण होती, तिसरं निम्म्यावर आलेलं. सगळ्या रेघा बरोबर होत्या.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. पेन्सिली एकेक करून डब्यात ठेवत राहिली. मीच बोलत होतो, नियमांना शिव्या देत होतो, कारकुनाचा उद्धार करत होतो.

"मामा," ती म्हणाली, "या वेळी बसल्यावर गेलं नाही ते. मागची बाजू दिसत होती. काढतच होते मी."

"मग सांगायचंस ना मला!"

"कधी सांगू? तू ओरडत होतास."