असोद्याची लाल झाकणाची डबी

मला किळस येत नाही, असं मी तीन वर्षं लोकांना सांगत आलो. धंदाच तसा आहे. जळगावातल्या एका लॅबसाठी मी घरोघर जाऊन सॅम्पल गोळा करतो. सकाळी सहाला मोटरसायकल काढायची, कोणाचं रक्त घ्यायचं, आणि बाकी जे काही लोकांनी डब्यांत भरून दारामागे, कुंडीमागे, एका घरी तर फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी ठेवलेलं असतं, ते उचलायचं. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. मला ऐसपैस बसायला मिळतं.

तर अशा माणसाला छंद लागला जिओकॅशिंगचा. म्हणजे कोणीतरी कुठेतरी एक डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. दुसरा मोबाइल हातात धरून ती शोधतो, आतल्या कागदावर सही करतो, डबी होती तिथे ठेवतो आणि घरी येऊन वेबसाइटवर लिहितो, सापडली. वडिलांना हे सगळं नीट समजावून सांगितलं.

"मग त्या डबीत असतं काय?"

"कागद."

"आन् तू त्याच्यावर काय लिहितो?"

"नाव."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

परदेशातले लोक डब्या धबधब्यामागे लपवतात, त्याचे फोटो टाकतात. आमच्याकडे अडचण अशी की डबी लपवायला आडोसा लागतो, आणि खानदेशात प्रत्येक आडोशाला आधीच दुसऱ्या कामासाठी मागणी आहे. लपवण्यासारखी एकूण एक जागा लोकांनी आपल्या आधी शोधलेली असते आणि तिथे सहीही करून ठेवलेली असते. धुळ्याच्या अखिलने लपवलेली डबी शोधताना मी एका भिंतीच्या भोकात हात घातला होता. आत कोणीतरी गुटख्याची पिंक टाकलेली होती, कोमट. डबी तिच्या मागे होती. मी सही केली. छंद आहे.

हा अखिल म्हणजे धुळ्यातल्या साडीच्या दुकानाचा मुलगा. वय सव्वीस, खिशात कायम सॅनिटायझर. नवीन डबी जाहीर झाली की सगळ्यात आधी पोचायचं, हे त्याचं आयुष्यातलं ध्येय. आमच्यात पहिल्या शोधणाऱ्याला मान असतो. मान म्हणजे काय, ते मला माहीत नाही, पण अखिल त्याच्यासाठी साडीचं गिऱ्हाईक अर्धं नेसवून सोडतो.

मी माझी पहिली डबी लपवली जळगावजवळच्या असोद्याला. केळीच्या बागेच्या कडेला एक जुनी पडीक पंपाची खोली आहे, तिच्यामागे कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या बुंध्याला ढोली. जागा स्वच्छ होती. मी दोनदा वास घेऊन खात्री केली. डबी म्हणून लॅबमधली सॅम्पलची कोरी डबी घेतली. पांढरी, लाल झाकणाची, पाणी आत जात नाही. तिच्यावर 'नाव, वय, तारीख' छापलेलं लेबल आयतं असतं, म्हटलं बरं झालं. आत घडी करून कागद ठेवला: नाव-तारीख लिहा, झाकण घट्ट लावा, होती तिथेच ठेवा, जागा कोणाला सांगू नका.

आता हे वाचणाऱ्याला कळलंच असेल. मला कळलं नाही. मी तीन वर्षं त्याच डब्या हाताळतो, त्यामुळे मला ती फक्त डबी दिसली.

वेबसाइटवाल्यांनी डबी मंजूर करायला पाच दिवस लावले. शुक्रवारी सकाळी आठला ती जाहीर झाली. साडेदहाला अखिलचा फोन.

"योगेंद्र, डबी सापडली."

"अभिनंदन."

"त्यात माल आहे."

"कसला माल?"

"ओला."

मी वीस मिनिटांत पोचलो. अखिल कडुनिंबाखाली दोन्ही हात कोपरापासून वर करून उभा होता, पोलिसांनी पकडल्यासारखा. पायाशी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या.

"झाकण उघडलं आणि माझा अंगठा…"

"आत गेला?"

"टेकला."

मी हातमोजे घालून डबी उचलली. बेडका होता. भरपूर, मन लावून काढलेला. कडेला हिरवट, मध्ये पिवळा, आणि तीन दिवस खानदेशच्या उन्हात राहिल्यामुळे त्याच्यावर साय धरली होती. वासाबद्दल लिहीत नाही. माझा तीन वर्षांचा नावलौकिक घशापर्यंत येऊन परत गेला.

कागद मात्र कोरडा. बाहेरून डबीला गुंडाळून, वर रबर लावून. लॅबमध्ये आम्ही शिकलेल्या माणसांना हे पन्नास वेळा सांगतो, तरी जमत नाही. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'झिपरू सुपडू. वय ७१. मंगळवार, पहाटे पाच. उपाशीपोटी. चूळ भरून. खोकला दीड महिना. गुप्त ठेवावे.'

अखिलने हात वरच ठेवून मान वाकडी करून वाचलं.

"हे माझ्या आधी आहे."

"हो."

"म्हणजे हा पहिला?"

"दिसतंय तर तसंच."

"वेबसाइटवर आहे का हा?"

"एकाहत्तर वय आहे, अखिल."

"मग काय झालं? अमेरिकेत ऐंशीचे आहेत."

तेवढ्यात केळीतून खोकला ऐकू आला. आधी खोकला आला, मग मागून माणूस आला. उंच, हडकलेला, डोक्याला टॉवेल, लुगड्याच्या फडक्याने तोंड पुसत. त्याने वर हात केलेला, ओल्या हातांचा अखिल पाहिला आणि लगेच हात जोडले.

"डॉक्टरसायेब सोता आले? मी म्हटलं मानूस पाठवतीन." मग माझ्याकडे वळून, "लय उशीर केला भो डबी न्याले. रिपोट कधी येईन?"

अखिल माझ्याकडे बघायला लागला. मी डबीकडे बघायला लागलो, ही चूक होती.

"आबा, ही डबी तुम्हाला सापडली कशी?" मी विचारलं.

"सापडाची काय? मी रोज पहाटे अठीच येतो खोकाले. घरात खोकलो का आवाज जातो गल्लीत." झिपरू आबा ढोलीशेजारी टेकले. "दवाखान्याच्या आशाताईनं डबी देली होती मांगच्या महिन्यात. कुठी देली? चौकात! बठ्ठ्या बायांसमोर. 'आबा, थुंकी द्या.' मी देली फेकून गटारात. नातीचं पाहनं चालू हाये, भूमिकाचं. रविवारी पाचोऱ्याचे पावनं येतीन. घरात टीबीवाला हाये म्हटलं का ते चहा पन घेनार न्हाई." मग डबीकडे कौतुकाने बघत, "आन् हे कसं! झाडात ठेवली, कोनाले सांगू नका लिहेल. सरकारले उशिरा का होईना, अक्कल आली."

मी सांगायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? की आबा, ही डबी तुमच्यासाठी नव्हती, इथे मोठी माणसं खेळतायत?

"उद्या येतो रिपोर्ट," मी म्हणालो.

अखिल कुजबुजला, "आणि मी पहिला का नाही, ते विचार ना."

लॅबमध्ये मोनाली मॅडमनी डबी उजेडात धरली आणि लगेच खाली ठेवली. मॅडम अशा आहेत की शौचाच्या सॅम्पलशेजारी बसून पोहे खातात.

"हे मी तपासणार नाही. हे सडलंय. ताजे दोन लागतील, एक आजचा, एक उद्या सकाळचा. पेशंटला घेऊन ये."

"येत नाही तो. झाडातच देतो."

 मॅडमनी दोन कोऱ्या डब्या दिल्या. मी दुपारी जाऊन ढोलीत ठेवून आलो, कागदावर लिहून: एक आज, एक उद्या पहाटे. छंदात एकाच जागी दोन डब्या चालत नाहीत. म्हटलं चालवून घ्या.

संध्याकाळी वेबसाइट उघडली. अखिलने लिहिलं होतं: 'पहिला शोधणारा मीच. जाहीर होण्याआधी एक आजोबा आत बेडका टाकून गेले. डबीची अवस्था वाईट.' खाली सत्तावीस प्रतिक्रिया. पुण्याच्या एकाचं म्हणणं, जाहीर होण्याआधी सापडली तरी शोध धरतात. नागपूरची एक बाई म्हणाली, सही हाच पुरावा. एकाने विचारलं, सहीऐवजी बेडका चालेल का, त्यात तर माणसाची पुरी ओळख असते. त्यावर चौदा हसरे चेहरे. एकाला डबीचा फोटो हवा होता, जवळून.

ज्याने खोकून ती डबी भरली तो कसा आहे, हे सत्तावीस जणांतल्या एकानेही विचारलं नाही. अठ्ठाविसावी प्रतिक्रिया माझी. मी लिहिलं, 'नियमाप्रमाणे पहिला शोधणारा झिपरू सुपडू.' टाकून दिलं आणि मग दिसलं की आबा कसे आहेत हे मीही लिहिलेलं नाही. ताटात शेवेची भाजी होती. तर्री वर तरंगत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ताट सरकवलं. आई म्हणाली, "आज काय बघून आला एवढं?"

"मोबाइल," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी ढोलीत दोन्ही डब्या भरलेल्या होत्या. झाकणं घट्ट. कागदावर पहिली ओळ आबांची, तीच चूळ, तोच उपास. पण दुसरी ओळ दुसऱ्या अक्षरात, बारीक, निळ्या पेनाने:

'भूमिका. वय २२. आजोबा रोज पहाटे कुठे जातात म्हणून मागे आले. मला वाटायचं बिडी ओढतात. मला खोकला नाही, पण आम्ही एकाच घरात झोपतो, म्हणून दुसरी डबी मी भरली. चूळ भरली आहे. गुप्त ठेवू नये.'

मी ते उन्हात उभा राहून दोनदा वाचलं. मग दोन माणसांचा बेडका शर्टाच्या खिशाशी धरून लॅबला आलो, आणि वाटेत अखिलचा फोन आला.

"रिपोर्ट आला का?"

मला बरं वाटलं. म्हटलं, धुळ्यातला का होईना, एक माणूस निघाला.

"दुपारी कळेल. का रे?"

"नाही, माझा अंगठा टेकला होता ना."

"अंगठ्याला टीबी होत नाही, अखिल."

"नक्की?" मग लगेच, "आणि पहिल्याचं काय ठरलं?"

मी फोन ठेवला. फोनही पुसावासा वाटला.

दुपारी मॅडमनी कागद हातात दिला. भूमिका निरोगी. आबांना टीबी. "लपवायचं नसतं हे," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला कळवावं लागतं, घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने. पण जायला लागतं. पायाने. झाडातून नाही."

त्याच सुमारास वेबसाइटवाल्यांचा निरोप आला. डबीत शरीरातून निघालेले पदार्थ ठेवता येत नाहीत, डबी कायमची बंद. खानदेशात इतका प्रतिसाद मिळालेली ती एकमेव डबी होती.

आबा कडुनिंबाखालीच होते. मी रिपोर्ट सांगितला. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून परत बांधला. मग म्हणाले, "तू कोनाले सांगलं?"

मी ढोलीतला कागद पुढे केला. त्यांनी बोट ठेवून ठेवून दुसरी ओळ वाचली. 'गुप्त ठेवू नये' पाशी बोट थांबलं, तिथेच राहिलं.

"दुसरी डबी माह्यी होती," ते शेवटी म्हणाले. "हिनं भरली."

"मग काय करायचं होतं?" केळीच्या ओळीतून भूमिका बाहेर आली. हातात आबांची चप्पल, कारण आबा अनवाणीच आले होते. "पाचोऱ्याला मी फोन केला. उद्या येऊ नका म्हटलं. आजोबांना टीबी असेल, सहा महिने थांबा."

"आन् ते काय म्हने?"

"विचार करून कळवतो."

"म्हंजे न्हाई."

"म्हणजे नाही, आबा. चप्पल घाला."

आबांनी चप्पल घातली. उजवी डाव्यात. तिने बदलून दिली.

सरकारी दवाखान्यापर्यंत आबा माझ्या मागे मोटरसायकलवर बसले होते, भूमिका रिक्षाने येणार होती. निघताना मी त्यांना मास्क दिला होता. अर्ध्या वाटेत माझ्या मानेवर काहीतरी कोमट, बारीक, ओलं पडायला लागलं. आभाळ कोरडं होतं. मी गाडी थांबवली.

"आबा, मास्क कुठे आहे?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला मास्क काढून दाखवला. "नवा हाये भो. खराब व्हईन."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून ओकलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी. आबांनी पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुले कधीपासून हाये?"

दवाखान्यात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी त्यांचं नाव मोठ्याने पुकारलं, बठ्ठ्या बायांसमोर, आणि लाल झाकणाची डबी पुढे केली. परत एकदा तपासायची म्हणे. मला वाटलं आता आबा पळतात. मागे भूमिका उभी होती, तिनेही पाऊल पुढे टाकलं.

आबांनी डबी घेतली. मागच्या व्हरांड्यात गेले, चूळ भरल्याचा आवाज आला, मग तो खोकला. परत आले ते कागद बाहेरून गुंडाळून, रबर लावून. पण खिडकीशी थांबले नाहीत. आधी दाराकडे बघितलं, मग कुंडीकडे, मग वाकून कुंडीच्या मागे डबी नीट खोचली आणि सावरून उभे राहिले.

"ओ आबा!" खिडकीतून बाई ओरडल्या. "तिथे काय ठेवताय? इकडे द्या, माझ्या हातात!"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली.

"हिले नियम माहीत न्हाई," ते म्हणाले.