दोन बोटं पाणी

अय्युबला समुद्राचं वेड मुळीच नव्हतं. जन्म भोरात गेलेला. पाणी म्हणजे नीरा नदीचं आणि मासा म्हणजे बाजारातला सुका बोंबील, इथवरच त्याची समज. वेड होतं ते त्याच्या बायकोला, गुलजारबीला. ती श्रीवर्धनकडच्या एका मिठागरवाल्याची लेक. बावीस वर्षांपूर्वी वरंधा घाट चढून भोरात नांदायला आली, ती दर उन्हाळ्यात आठ दिवस माहेरी जायची आणि खाऱ्या वाऱ्यानं काळवंडून, पण हसत परत यायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या सुमाराला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या हृदयाची झडप आवळलीय. ऑपरेशन झेपणार नाही. औषधं घ्या, दगदग नको, आणि घाटाचा प्रवास तर अजिबात नको. अय्युबच्या लेखी डॉक्टरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानं तिथल्या तिथं डॉक्टरांना कबूल करून टाकलं, घाट बंद. गुलजारबीला कुणी विचारलं नाही, आणि ती बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ताटातलं अन्न चिवडून ठेवायला लागली.

त्याच दवाखान्यात, बाकड्यांसमोर, एक काचेची पेटी होती. तिच्यात समुद्राचे मासे. पुढच्या खेपेला गुलजारबी तिच्यापाशी जी उभी राहिली, ती कंपाउंडरनं दोनदा नाव पुकारलं तरी हलेना. अय्युबनं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. बायको समुद्राकडे जाऊ शकत नाही ना? मग समुद्रच भोरला आणू. बायको जगावी, निदान तिला जगावंसं वाटावं, एवढंच त्याला हवं होतं.

पुण्यातला माशांचा दुकानदार भला माणूस. त्यानं आधी त्याला मागे फिरवायलाच बघितलं. खाऱ्या पाण्याचे मासे लई नाजूक, नवशिक्याचं काम नव्हे, म्हणाला. पण अय्युब हटेना म्हटल्यावर सगळं समजावून दिलं. पेटी मोठी घ्या. वाळू नि दगड घालून महिनाभर नुसतं पाणी खेळतं ठेवा, पाणी मुरल्याशिवाय मासा सोडू नका. खाणं चिमूटभर. आणि मीठ वाढू देऊ नका, मीठ वाढलं की मासा आतून सुकतो. हे शेवटचं अय्युबनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. समुद्राचं पाणी आयतं आणायचं, मीठ आपण टाकणारच नाही, मग ते वाढेल कुठून?

त्याचा टेम्पो एरवी पुण्याच्या मार्केटला भाजी न्यायचा. माघात त्यानं एक दिवस भाडं सोडलं, मागे कोरे प्लॅस्टिकचे कॅन रचले आणि हिर्डोशी ओलांडून, घाट उतरून सासुरवाडी गाठली. मेव्हणा मतीन यानं पाण्यात शिरून कॅन भरून दिले. महिना अय्युबनं कसाबसा धीर धरून काढला. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा गेला, तेव्हा मतीननं खडकातल्या डबक्यातून बोटाएवढे दोन मासे धरून दिले, पिवळसर, अंगावर काळे पट्टे.

पेटीत मासे सुटले आणि घराचा रंग पालटला. गुलजारबीनं बाज पेटीशेजारी ओढायला लावली. सकाळी उठून आधी माशांना खाणं, मग आपल्याला चहा. दोन घास जास्त जायला लागले. अय्युब गल्लीभर सांगत सुटला, औषधापेक्षा मासे भारी.

पुढं ऊन तापलं. दर आठवड्याला पेटीतलं पाणी दोन बोटं उतरायचं. घरातला कॅन संपला की अय्युब घाटाखाली जाऊन नवा आणायचा आणि तेवढी जागा भरून काढायचा. ओतण्याआधी गुलजारबी वाटीभर पाणी मागून घ्यायची, त्यात बोटं बुडवायची, जिभेला लावायची. मग विचारायची, आईनं काय सांगितलं? आणि अय्युब म्हाताऱ्या सासूचा एकेक शब्द आठवून सांगायचा.

एकदा शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, एवढी यातायात कशापायी, घाला की तांब्याभर हिरीचं गोडं पाणी. अय्युबनं त्यांना खुळ्यात काढलं. समुद्राच्या माशाला गोडं पाणी म्हणजे इख, तुमाला काय कळतंय त्यातलं. गुलजारबी बाजेवर बसून ऐकत होती.

वैशाखात एक मासा मेला. दुसऱ्यानं चौथ्या दिवशी मान टाकली. अय्युब बाटलीत पाणी घेऊन पुण्याला धावला. दुकानदारानं त्यात खारटपणा मोजायची काचेची नळी तरंगवली आणि कपाळावर हात मारला. हे पाणी नव्हे, लोणचं झालंय. अहो, ऊन पाणी नेतं, मीठ जागेवरच राहतं. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं गोडं पाणी घालायचं असतं. तुम्ही दर वेळी मिठावर मीठ ओतलंत.

परतीच्या एस.टी.त अय्युबला आपलीच लाज वाटत होती. रतनबाईंचं खरं होतं. कापूरहोळच्या पुढं मात्र त्याच्या मनात दुसरंच आलं. ऊन पाणी नेतं आणि मीठ राहतं, यावर तर सासऱ्यासारख्या मिठागरवाल्यांच्या चुली पेटतात.

घरी आला तो सरळ बाजेपाशी गेला. "तुला ठावं होतं?"

"व्हय," गुलजारबी म्हणाली.

त्याचा भडका उडाला. मुके जीव डोळ्यांदेखत मरू दिले, मला घाटातून गाढवासारखं हिंडवलं, चार माणसांत येडा ठरवलं, असं तो तोंडाला येईल ते बोलत राहिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, माशांचं पाप माझ्याच माथी आहे, अल्ला विचारील तेव्हा सांगेन. पण गोडं पाणी घाला म्हटलं असतं, तर तुम्ही घाटाखाली कशाला गेला असता? आईचा निरोप कुणी आणला असता?

"आन दर खेपंला वाटायचं," ती थांबत थांबत म्हणाली, "टेम्पो जातोयच, तर आज तरी म्हनाल, चल गुलजार, बस."

अय्युबनं विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी डाक्टरला शब्द दिला हुता. तो माज्यासाटी कशाला मोडायचा?"

"उद्याच निघू. गादी टाकतो पुढं. हळू नेतो."

तिनं पायांवरचं पांघरूण सारलं. पाय सुजून घडे झाले होते. मोरीपर्यंत जायला आता तिला दोनदा टेकावं लागत होतं, हे तो रोज बघत होता आणि माशांच्या कौतुकात विसरत होता.

"आता न्हाई जमायचं," ती म्हणाली. "शिमग्याला आले असते."

तो तिच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, मी आता काय करू? ती म्हणाली, सकाळी जा आणि पाणी घेऊन या. आईला सांगा, गुलजार बरी आहे.

पहाटे फजरच्या नमाजानंतर अय्युब निघाला. घाटाच्या पहिल्या वळणावर, कॅन बांधलेत का बघायला त्यानं मान वळवली, तेव्हा शेजारची सीट त्याच्या नजरेला पडली. माघापासून अकरा खेपा झाल्या होत्या आणि अकराही वेळा ती मोकळीच गेली होती.