लिंडेमान सरांच्या चिठ्ठ्यांचा खोका

मित्रांनो, मला खोका म्हणा, पेटी म्हणा, काहीही चालेल. फक्त 'स्वस्थ बस' म्हणू नका. वय वर्षं एक्केचाळीस, मुक्काम पापाटोएटो, म्हणजे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं उपनगर. लिंडेमान सर ऑकलंडच्या एका शाळेत जर्मन शिकवायचे. तिथल्या सुतारकामाच्या वर्गातल्या मुलांनी मला त्यांच्यासाठी बनवलं. माझा एक कोपरा तेव्हापासूनच तिरका आहे.

सर मूळचे जर्मनीचे. आठशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन काव्याचा शब्दकोश करायचा, हा त्यांचा ध्यास. शाळा सुटली की एकेका शब्दाची चिठ्ठी लिहायचे. अर्थ पक्का वाटला तर चिठ्ठी पुढे, नुसता अंदाज असला तर मागे. रोज चिठ्ठ्यांची ये-जा, मला मेल्याला क्षणाची उसंत नाही! पण खरं सांगतो, सुख होतं ते. सरांना एक्क्याऐंशी लागलं तेव्हा मागे जेमतेम साठ चिठ्ठ्या उरल्या होत्या.

तेवढ्यात सर पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली शेजारच्या विनयाकडे आली. पोरगी गुणी, पण पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. माझं झाकण उघडून म्हणाली, "अगं बाई, काय हा गोंधळ! सर खूश होतील." दोन शनिवार बसून तिने सगळ्या चिठ्ठ्या ए टू झेड लावल्या. मी आतल्या आत तडफडलो, पण लाकडाचं कोण ऐकतं?

सर घरी आले. कुबडी टेकून उभ्याउभ्याच त्यांनी मला उघडलं आणि त्यांची बोटं थबकली.

"विनया, हे तू लावलंस?"

"हो सर! हीप्स होत्या चिठ्ठ्या, नुसता ढीग! आता कसं पटकन सापडेल ना?"

"सापडेल. पण पक्कं काय आणि अंदाज कुठला, ते आता मलाही कळणार नाही. चिठ्ठीची जागा हीच खूण होती."

विनयाला रडूच फुटलं. "सर, मी आधी विचारायला हवं होतं."

सरांनी कुबडीने एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बस इथे. तुझे डोळे चांगले आहेत. पहिली चिठ्ठी वाच."

तिने वाचली. सरांनी डोळे मिटून विचार केला. "मागे ठेव."

माझ्यात चार हजार चिठ्ठ्या आहेत, मित्रांनो. कालपर्यंत पंधरा पुढे गेल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. म्हणून कळकळीने सांगतो, कोणाचंही काही आवरायला घ्याल तेव्हा आधी विचारा. सांगणारा माणूस आहे तोवर विचारा.